दुरुस्तीची यादी आणि पाडलेली गॅलरी

ती. मामांस,
भाच्याचा, सूनबाईंचा आणि तुमच्या लाडक्या नातीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? (मागच्या खेपेला डावा होता. उजव्याने अजून बंड केलेलं नसावं, अशी आशा.) इकडे सगळे तब्येतीने ठणठणीत आहोत, पण मी असा काही हादरलोय की कालपासून चहात साखर आहे की नाही तेही कळत नाही.

फौज सोडून महिना झाला. सरकारी क्वार्टर तीस तारखेला रिकामं करायचंय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझी समजूत अशी, की घर म्हणजे वरून येणारी गोष्ट. चोवीस वर्षं कुणीतरी कागद द्यायचं, आम्ही ट्रंका उचलायचो. म्हणून माजी सैनिकांच्या कुटुंबांना घर मिळवून देणाऱ्या मदत कक्षात गेलो आणि टेबलामागच्या बाईंपुढे ताठ उभा राहिलो. त्यांनी शिफारसपत्र दिलं, तीन घरमालकांचे पत्ते दिले आणि म्हणाल्या, बघून या. मी विचारलं, यातलं कुठलं घ्यायचा हुकूम आहे? बाई चष्मा काढून माझ्याकडे बघतच राहिल्या. मामा, आवडेल ते घ्यायचं म्हणे! पन्नाशीला आलेल्या माणसाला हे पहिल्यांदा कळावं!

पहिलं घर एका दातांच्या डॉक्टरांचं. आता आमची रीत तुम्हाला सांगायला हवी. क्वार्टर घेताना नळ, दिवे, कड्या, भिंतीच्या भेगा, सगळ्याची यादी करायची, दोघांनी सह्या करायच्या आणि सोडताना जसंच्या तसं परत द्यायचं. दुसऱ्या कुठल्या पद्धतीने घर बघतात, हे आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही. तेव्हा ही, म्हणजे तुमची सूनबाई, पॅड घेऊन, पोरगी टॉर्च घेऊन आणि मी काठी घेऊन आत शिरलो. (शिफारसपत्र माझ्या खिशातच राहिलं, ही चूक माझी.) मी काठीने भिंत ठोकून मोठ्याने सांगत होतो, भेग साडेतीन फूट, नळ गळका, गॅलरीचा कठडा डुगडुगतो. ही लिहीत होती. डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला. आधी पाणी आलं, मग सरबत, मग आतून चांगली खुर्ची आली. मी काही विचारलं नसताना तेच म्हणाले, गॅलरी वडिलांच्या काळातली आहे हो. मला वाटलं, काय सालस माणूस! मी सही मागितली, त्यांनी न वाचताच केली. एवढं नीट करून ठेवा, आठ दिवसांनी येतो, असं सांगून आम्ही खुशीत परतलो.

आठ दिवसांनी गेलो आणि माझा आ वासला तो वासलाच. गॅलरी गायब! अख्खी पाडलेली! भिंती चकाचक, नळ नवेकोरे आणि दारात डॉक्टरांच्या सौभाग्यवतींच्या चपला. घर इतकं छान झालं, की ते दोघं स्वतःच तिथे राहायला आले होते. आम्ही भाड्याने घर बघायला आलो होतो, हे मी सांगितलं तेव्हा डॉक्टर मटकन खालीच बसले. ते आम्हाला बेकायदा बांधकामं तपासणारे साहेब समजले होते. हात जोडून मला म्हणाले, माझी गॅलरी परत द्या.

आज सकाळी मदत कक्षात गेलो. डॉक्टरांनी कालच फोन करून सगळीकडे सांगून ठेवलं होतं आणि उरलेल्या दोन्ही मालकांनी यादीतून नावं काढून घेतली होती. बाईंना हसू आवरत नव्हतं, तरी म्हणाल्या, नवे पत्ते यायला महिना लागेल, तोवर कुणी नातेवाईक आहे का? मी बाणेदारपणे नाही म्हणालो. हाती सहा दिवस आहेत, मामा. पोरीची परीक्षा तोंडावर आलीय. खरं सांगतो, चोवीस वर्षांत इतकी भीती कधी वाटली नव्हती. पण तुम्ही मुळीच काळजी करू नका. मन मोकळं करायला लिहिलं, बाकी काही मागणं नाही.

तुमचा भाचा
(आता नुसताच भाचा. हुद्दा वर्दीबरोबर जमा केला.)

ता. क. दुकानावरच्या तुमच्या दोन खोल्या रिकाम्याच असतात ना? सहज विचारलं.

ता. क. २. ही म्हणते, आढेवेढे पुरे. तर ऐका. परवाच्या रविवारी मी तुमचा गुडघा चेपत होतो आणि ही टॉवेल वाळत घालायला म्हणून वर गेली होती, ती टॉवेल न घेताच गेली होती. तिथल्या तीस कलमांची यादी सोबत जोडली आहे. ट्रक गुरुवारी येतोय. रागावणार असाल तर सामान वर चढवून झाल्यावर रागवा.

ता. क. ३. यादी पाकिटात घालताना पाहिलं, तर तळाशी एकतिसावं कलम निघालं. अक्षर पोरीचं आहे. नऊ क्वार्टरं झाली, पण भिंत जशीच्या तशी परत द्यायची म्हणून तिला आम्ही कुठेच काही टांगू दिलं नाही. तिने लिहिलंय, "खिळा, एक. ठोकू का, आजोबा?" आणि पुढे सहीसाठी जागा सोडलीय. मामा, बाकीच्या तीस ठिकाणी सही नाही केलीत तरी चालेल.