मावशी विश्वसनीय नाही म्हणे!

आदरणीय मामा,

नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, मामींचा खोकला थांबला का, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू अजून व्यायाम म्हणून तुमच्या डोक्यावर उड्या मारतात का, हे सगळं मनापासून विचारते आणि उत्तराची वाट न बघता मुद्द्यावर येते, कारण माझं डोकं सध्या इतकं तापलंय की वर आधण ठेवलं तर चहा होईल. आम्ही सगळे बरे आहोत. मावशीही ठणठणीत आहे. फक्त ती विश्वसनीय नाही. हे मी म्हणत नाही, शिकलेसवरलेले लोक म्हणतात.

नदीवरचा नवा पूल झाला, त्यामुळे आपली लाँच आता बंद होणार हे तुमच्या कानावर आलंच असेल. आठवण म्हणून पालिका धक्क्यावर दगडी पाटी बसवणार आहे. तिचा मजकूर मी पाहिला. लाँच कोणत्या अध्यक्षांनी सुरू केली, कोणत्या अध्यक्षांनी तिला रंग दिला, कोणत्या अध्यक्षांनी तो रंग बदलला, सगळं आहे. ती इतकी वर्षं चालवली कोणी, याचा पत्ता नाही. तुमची सख्खी बहीण, या नदीवरची पहिली बाई चालक, तिच्या नावाला दगडावर जागा नाही! मी दुकान अर्धवट उघडं टाकून पालिकेत गेले. तिथला कारकून (याच्या नाकावरचा चष्मा माझ्याच दुकानातला, आणि त्यातूनच तो मला न बघितल्यासारखं करत होता) म्हणाला, "बाई, मजकूर आम्ही इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातून घेतलाय. तिथे तुमच्या मावशींचं नाव दाखवा, लगेच घालतो."

एवढंच ना, म्हटलं. तो ज्ञानकोश कुणालाही लिहिता येतो. मी दुपारभर बसून मावशीवर लेख लिहिला. सगळं घातलं त्यात. ती लाँच चालवायला कशी शिकली, गणवेश बाईच्या मापाचा नव्हता म्हणून स्वतः कसा शिवला, आणि तुम्ही प्रत्येक लग्नात सांगता ती पुराची गोष्टही घातली, की नदी दुथडी भरली असताना हिनं अडलेल्या बाळंतिणीला पलीकडे पोहोचवलं. वाचून माझेच डोळे भरून आले. सकाळी उठून बघते तर लेख गायब! उडवणाऱ्याचं नाव 'खोडरबर'. (आईबापांनी ठेवलेलं नसावं, पण शोभतं इतकं की शंका येते.) हे गृहस्थ, की बाई, कोण जाणे, तिथे फुकट राखण करतात. त्यांनी अतिशय नम्रपणे लिहिलं होतं की आधी विश्वसनीय आणि स्वतंत्र स्रोत शोधावेत, मग लेख लिहावा. नम्रपणाचा मला इतका संताप यापूर्वी कधी आला नव्हता.

मी कळवलं, स्रोत माझ्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसलाय, काय विचारायचं ते विचारा. उत्तर आलं की व्यक्ती स्वतःबद्दलचा स्वतंत्र स्रोत होऊ शकत नाही. हे मी मोठ्यानं वाचलं, तीच चूक झाली.

"म्हणजे मी लाँच चालवली हे मला माहीत नाही?" मावशी म्हणाली.

"माहीत आहे गं. पण तू स्वतंत्र नाहीस."

"लग्न केलं नाही, कुणाची नोकर राहिले नाही, घर माझं, दार माझं. माझ्याइतकी स्वतंत्र बाई या गावात दुसरी दाखवायला सांग त्याला."

हेही मी कळवलं. मग मी सुकाणूवरचा तिचा फोटो पाठवला. त्यावर मत पडलं की एक बाई सुकाणूपाशी उभी आहे एवढंच यावरून सिद्ध होतं. आता बोला! उद्या मी दुकानात उभी असले तर तेवढ्यावरून मी चष्मे विकते हे सिद्ध होणार नाही. (मंदीच्या दिवसांत ते खरंही असतं, पण तो वेगळा विषय.)

मग सुरू झाली माझी वणवण. लाँचच्या कचेरीत गेले तर तिथला व्यवस्थापक म्हणाला, जुने कागद वाळवीनं खाल्ले. सांगताना चेहरा असा, जणू अन्नदान केलंय. तिथून वर्तमानपत्राच्या कचेरीत. तिथल्या वार्ताहरानं मला पंख्याखाली बसवलं, गोड बोलला, आणि एक तोडगा सुचवला. मी लेख पुन्हा ज्ञानकोशात टाकायचा, तो त्यावरून बातमी लिहील, आणि मग मी त्या बातमीचा आधार ज्ञानकोशात द्यायचा. "दोघांचंही काम होतं," तो म्हणाला. मामा, मी तिथून तणतणत उठले खरी, पण जिना उतरताना दोनदा थांबून विचार केला, हे तुमच्यापासून कशाला लपवू.

आणि मग अचानक घबाड हाती लागलं. इंटरनेटवर धुंडाळताना एक अख्खं संकेतस्थळ सापडलं, त्यावर मावशीची सगळी कहाणी! गणवेश, पूर, बाळंतीण, सगळं जसंच्या तसं. मी शेजारच्या शिंप्याला हाक मारून दाखवलं, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला त्याचे डोळे तपासायचे सोडून तेच वाचायला लावलं, आणि खोडरबरला विजयी थाटात धाडून दिलं. अर्ध्या तासात उत्तर. "हा मजकूर तुमच्याच उडवलेल्या लेखाची नक्कल दिसतो. दोन्हीकडे 'चालक' ऐवजी 'चाळक' आहे." बघितलं तर खरंच! मी घाईत 'पहिली महिला चाळक' लिहिलं होतं, आणि त्या चोरांनी माझा लेख उचलताना माझी चूकसुद्धा मागे ठेवली नव्हती. म्हणजे माझा पुरावा मीच, आणि तोही अशुद्ध. त्या दिवशी मी जेवले नाही. (नंतर मावशीनं ओरडून जेवायला घातलं.)

खोडरबरनं मात्र एक ओळ खाली जोडली होती की मोठ्या ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांचे बांधलेले अंक असतात, तिथे पाहा. सल्ला चांगला होता, त्यामुळे मी अधिकच चिडले. मावशीला म्हटलं, चल बरोबर, साल तुला आठवतं. ती नाही म्हणाली. पाय दुखतात, ऊन आहे, शेंगा राहिल्यात. जी बाई कालपर्यंत स्वतंत्रपणावरून भांडत होती ती एकदम मऊ पडली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी हट्टानं नेलं.

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात धुळीनं शिंकत आम्ही पानं उलटू लागलो. मावशी बातम्या सोडून मृत्युवार्ता वाचत होती आणि मोठ्यानं "अगं बाई, ही तेव्हाच गेली?" करत होती, त्यामुळे आजूबाजूचे अभ्यासू लोक आमच्याकडे कोर्टात आरोपीकडे पाहावं तसं पाहत होते. आणि मग मला ती बातमी दिसली. चांगली चौकटीत. मथळा असा: 'महिला चालकाची लाँच वाळूत रुतली, अध्यक्ष पाण्यातून पायी परतले.' खाली स्पष्ट छापलेलं, 'या नदीवरील पहिल्या महिला चालकाच्या पहिल्याच फेरीत' वगैरे. मावशीचं पूर्ण नाव. तारीख. पान. स्वतंत्र, छापील, विश्वसनीय! आनंदानं ओरडू की कपाळ बडवून घेऊ, मला कळेना.

"मिटव तो अंक," मावशी हळूच म्हणाली.

मी मिटवला. तिनं बाइंडिंगवर हात ठेवला. मग म्हणाली, "पाणी उतरलंय, मधून नेते, असं मी सांगत होते. अध्यक्ष म्हणाले, काठावर लोक जमलेत, जवळून ने, मी सगळ्यांना दिसलो पाहिजे."

"हे छापलंय कुठे?"

"कोण छापणार? आणि दुसऱ्या दिवशी एकही उतारू चढला नाही. रिकामी लाँच पलीकडे नेली, रिकामी परत आणली. तिसऱ्या दिवशीही. तेही कुणी छापलं नाही."

मामा, माझा खरा राग इथे आला. खोडरबरवर नव्हे, त्याचं बिचाऱ्याचं पहिल्यापासून बरोबरच होतं (हे त्याला कळवू नका). राग याचा आला की ती लाँच रुतली ते अर्ध्या पानावर आणि पुढे जन्मभर एकदाही रुतली नाही ते कुठेच नाही. मी म्हटलं, जाऊ दे, नको तो लेख, नको ती पाटी. तर मावशीनंच अंक पुन्हा उघडला. "पहिली म्हटलंय ना? मग हेच लाव. वाळूसकट लाव."

लावलं. खोडरबरनं लेख ठेवला. वाळूची हकिकत त्यात आहे, पुराची नाही, कारण पुराचा उल्लेख मला एकाही अंकात सापडला नाही. कारकुनानं पाटीत नाव घातलंय. वाळू तिथे नाही. दगडावर जागा कमी आहे म्हणे!

मामींना नमस्कार, उड्या मारणाऱ्यांना जे योग्य वाटेल ते.

तुमची संतापलेली
भाची

ता. क. आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. लेख आल्यापासून त्यात कुणीतरी निनावी माणूस रोज पुराची गोष्ट परत घालतोय आणि खोडरबर रोज काढतोय. स्रोताच्या जागी लिहिलेलं असतं, 'मला माहीत आहे.' मामा, 'रौद्रभीषण जलप्रलय' असं लिहिणारा माणूस आपल्या नात्यात एकच आहे. हात जोडून विनंती करते, थांबा. असंच चाललं तर ते लेखाला कुलूप लावतील.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी मावशीला वरचं वाचून दाखवलं. ती हसली. म्हणाली, आदल्या वर्षी पूर आला तेव्हा ती अजून शिकतच होती आणि लाँच बंदच होती. पण वाळूनंतर सगळं गाव तिला हसत होतं, तेव्हा एकटा तिचा धाकटा भाऊ चौकात उभा राहून लोकांना पुराची गोष्ट सांगत होता, आणि ती ऐकून चौथ्या दिवशी पहिले उतारू आले. तेव्हा वरची विनंती मी मागे घेते. घालत राहा. फक्त 'बाळंतीण' ऱ्हस्व-दीर्घ बघून लिहा, खोडरबर त्यावरूनही बोलतो.