ज्वालामुखीची रंगीत तालीम

१० मार्च, सोमवार
अकरा मिनिटांचा एक व्हिडिओ शोधण्याचा खरा खर्च: दोन रविवार, चष्म्याची एक काडी (केबल शोधताना टेबलाखाली) आणि बायकोचा दीड दिवसाचा अबोला. हरकत नाही. सातवी ‘ब’ला यंदा ज्वालामुखी थेट इंटरनेटवरून! शुक्रवारी मुख्याध्यापिका तास बघायला येणार. जमला तर संगणक कक्ष माझ्या ताब्यात, नाही तर गणिताच्या बाईंच्या. म्हणजे माझ्याच ताब्यात येणार. मला इंटरनेट कोणी शिकवलेलं नाही, सगळं स्वतःच्या हिमतीवर.
खडूंची भरलेली पेटी गणिताच्या बाईंना देऊन टाकली. म्हटलं, ठेवा, मला आता जन्मात लागणार नाहीत.

११ मार्च, मंगळवार, सकाळी ७
शाळेत चिटपाखरू नसताना सहा वेळा तालीम. सगळ्यात भारी क्लॅरिटीत. लोण्यासारखा चालला.

११.२०
वर्गात पडद्यावर नुसतं गोल फिरतंय. माझे कान तिखट. मागच्या बाकांवर पैजा चालल्या होत्या. एक म्हणे तीन मिनिटं, दुसरा म्हणे घंटेपर्यंत. मुलांची अंदाज बांधायची ताकद वाढते आहे. दोष वायरचा.

१२ मार्च, बुधवार
सराव कमी पडला असावा. तालीम सात वेळा. वर्गात पुन्हा गोल.
क्लार्क म्हणाला, सर, आपल्या नेटला रोजची मर्यादा आहे. सकाळी साडेआठच्या आतच कोणीतरी ती संपवतंय, मग नेट दिवसभर रांगतं.
तळपायाची आग मस्तकात गेली. संशय गणिताच्या बाईंवर.

१३ मार्च, गुरुवार, सकाळी ६.३०
चोर पकडायला संगणक कक्षात दबा धरून बसलो. वेळ जावा म्हणून व्हिडिओ दहा वेळा. चोर आला नाही. कुणकुण लागली असणार.

संध्याकाळी
आज नेट कालच्यापेक्षा मंद. बायको म्हणते, झोपेत लाव्हा लाव्हा करता. एवढं तोंडपाठ झालंय तर तसंच सांगा की पोरांना. हिला टेक्नॉलॉजीतलं काय कळणार!

१४ मार्च, शुक्रवार, सकाळी
शेवटची तालीम, आठ वेळा. एकदाही अडकला नाही. आज कोण अडवतो बघू.

दुपारी
मुख्याध्यापिका मागच्या बाकावर, हातात वही. पडद्यावर गोल. एक मिनिट. चार मिनिटं. पैजा आता उघडउघड. मला दरदरून घाम. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, सर, पण तो फुटतोच कशाला? राहवेना. शेजारच्या वर्गातून, गणिताच्या बाईंकडून दोन खडू मागवले, फळ्यावर डोंगर काढला आणि जो सुटलो! घंटा झाली तरी एकही पोर उठलं नाही.
मुख्याध्यापिका म्हणाल्या, तास फार छान झाला सर, तुम्हाला संगणक कक्ष हवाय कशाला? बाईंना देते.
क्लार्कने टेबलावर कागद ठेवला: रोज सकाळी कोणत्या मशीनवर किती नेट गेलं. मशीन एकच. व्हिडिओही एकच. कागद घडी करून खिशात घातला. चोराची तक्रार करणार नाही. माणसाने मन मोठं ठेवावं.

शाळा सुटताना
गणिताच्या बाईंकडून खडूंची पेटी परत आणली. दोन खडू कमी होते. ते मीच वापरले होते.