गोलीचा आवाज

रविवार, डिसेंबर १९८९. कोरगाव

जिंकलो! पेडण्याचा फुटबॉल चषक आमच्या कोरगावात आला. आनंदाच्या भरात अक्षर वाकडं येतंय.

पण डोक्यात घुमतोय तो इराप्पाचा आवाज. इराप्पा आमचा गोली, म्हणजे गोलकीपर, बेळगावकडचा, इथे गवंडीकाम करतो. त्याच्या हेलाची आम्ही नक्कल करायचो, म्हणून तो मैदानात तोंडच उघडत नसे. मुका गोली! मागून कोण येतंय ते आम्हाला कळणार कसं?

आज मध्यंतरापर्यंत एक गोल खाल्लेला. आमचे कोच सर झापणार असं वाटलं, तर ते सरळ इराप्पासमोर जाऊन उभे राहिले. "तुका मागसून सगळां दिसता. सांग!" कोणीतरी फिदीफिदी हसलं. सरांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग इराप्पाने माझ्याकडे बोट केलं, "कॅप्टन बॉल बघालाय. माणूस कोण बघंना."

मला, कॅप्टनला! रागच आला. पण खरं होतं ना ते?

मग काय! "डावीकडं! सोड! माझा!" अख्खा दुसरा हाफ तो आवाज पाठीशी. मी मागे वळून बघणंच सोडलं. बिनधास्त पुढे गेलो, आधी बरोबरी झाली आणि विजयाचा गोल मीच मारला. दोन-एक!

चषक घ्यायला सरांनी इराप्पाला पुढे ढकललं. दोन शब्द बोल म्हणाले, तर घसा पार बसलेला. मग आम्ही दहाही जण त्याच्याच हेलात ओरडलो, "डावीकडं! सोड! माझा!"

सगळ्यांत जास्त हसला तो इराप्पा. आवाजाशिवाय, पोट धरून.