नेच्याच्या घळीतल्या शिट्ट्या

प्रिय टॅमझिन,

फोन तू उचलत नाहीस, आणि मला जे सांगायचंय ते फोनच्या यंत्रावर बोलून ठेवण्यासारखं नाही. म्हणून लिहायला बसले. तुमच्या डार्विनला या दिवसांतसुद्धा पंखा लागत असेल. इथे ऐन हिवाळा, सकाळी अंगणातल्या नळाला बर्फ धरलेला असतो, आणि तलावावर उन्हं वर येईपर्यंत धुकं असं बसतं की होडीत माझ्या पुढे बसलेली लॉर्ना मला नुसती एक टोपी दिसते. तुमच्या घरामागच्या लिंबाला यंदा अतोनात लिंबं लागली. मुरंबा केलाय, तुझ्या बाटल्या बाजूला काढल्यात.

आपला होड्यांचा क्लब चालू आहे. त्या होड्यांचं नाव काढू नकोस असं तू म्हणशील, पण जरा ऐक. शेडच्या दारावर तुझ्या बाबाने रंगवलेला फळा अजून तसाच आहे, त्याच्या त्या चौकोनी अक्षरात. पाय जमिनीवरून सुटण्याआधी लाइफ जॅकेटचे पट्टे आवळा. शिट्टी जॅकेटलाच बांधा. एकट्याने जाऊ नका. तीन शिट्ट्या म्हणजे मदत हवी. ज्याला ऐकू येतील त्याने वळलंच पाहिजे. क्लबमधला कीथ त्याला तोंडावर शिट्टीमास्तर म्हणायचा. "डेन्झिल, बायकोशी भांडतानाही शिट्टी फुंकतोस का रे?" आणि हा शांतपणे, "तू बुडशील ना, तेव्हा फुंक. मी येईन. चहा संपवून येईन, पण येईन."

आणि असा माणूस मागल्याच्या मागल्या हिवाळ्यात, एका सकाळी, कुणाला न सांगता एकटा पाण्यात गेला. होडी धरणाच्या भिंतीपाशी उलटी सापडली, तो नाही. पाणबुडे आले, हेलिकॉप्टर आलं, सगळे भिंतीपाशी. तलावाच्या उत्तरेच्या फाट्यातही एक बोट चक्कर मारून आली, पण वारा असा होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मग गावाची तोंडं सुरू झाली. ज्याने नियम केले तो चुकून कसा मोडेल? मुद्दामच मोडला असणार. तुझी आई गेल्यापासून तो बोलेनासा झाला होता, हे तर सगळ्यांनीच पाहिलं होतं. त्याच्या प्रार्थनासभेनंतर तू माझ्या स्वयंपाकघरात भांडी घासत होतीस, आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आत्या, आदल्या दिवशी फोनवर मी त्याला म्हटलं, तुझं दुःख आता मला झेपत नाही." मी नाही नाही म्हणत राहिले. पण माझ्या त्या नाहीला काही आधार नव्हता, आणि ते तुला कळत होतं. तू डार्विनला गेलीस, आणि तुला सांगावं असं माझ्याजवळ काही उरलं नाही.

या जूनमधली गोष्ट. बुधवारी आम्ही बायका निघालो होतो. उत्तरेच्या फाट्याच्या तोंडाशी आलो आणि धुक्यातून तीन शिट्ट्या आल्या. नियमाप्रमाणे सगळ्या होड्या थांबवल्या. मी उत्तराची एक लांब शिट्टी दिली आणि माणसं मोजली. सगळ्या जागच्या जागी. "कोणी गळ टाकणारा असेल," लॉर्ना म्हणाली. तेवढ्यात परत. दोन आखूड, आणि तिसरी शेवटी चिरकत वर गेलेली. टॅमझिन, माझे हात वल्ह्यावर तसेच राहिले. तुझा बाबा फुटबॉलचा पंच होता तेव्हाची ती पितळी शिट्टी, आतला मणी तुटलेली! क्लबच्या प्लास्टिकच्या शिट्टीला तो खेळणं म्हणायचा. मी कुणाला काही बोलले नाही. फाट्यात थोडं आत जाऊन हाका मारल्या, काठ पाहिला, आणि परतलो.

पुढल्या बुधवारी आवाज आणखी जवळून आला. आणि शिट्ट्यांमागून खोकला. कोरडा, दोनदा, मग घसा साफ केल्यासारखा, आता बोलेलच असा. बेरिलच्या हातातलं वल्हं पाण्यात पडलं. चर्चमध्ये ती वर्षानुवर्षं त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली. काठावर आल्यावर म्हणाली, "वेना, तो डेन्झिल आहे. घसा साफ करून तो प्रार्थना म्हणायला उभा राहायचा," आणि तिथेच ओल्या वाळूत बसून रडायला लागली. तिने आणि तिच्या जावेने त्या दिवशी खुंटीवर जॅकेटं टांगली ती टांगलीच.

गॉर्डनने बैठक बोलावली. क्लबचा अध्यक्ष झाल्यापासून त्याला प्रत्येक दुखण्यावर नियम हवा असतो. म्हणाला, तो फाटा बंद करू, आणि फळ्यावर एक ओळ वाढवू: तिकडून शिट्ट्या आल्या तर उत्तर देऊ नये, सरळ पुढे जावं. कीथ म्हणाला, "का बरं? भुतांनाही लाइफ जॅकेट देऊ या की." कुणी हसलं नाही. तो स्वतःसुद्धा नाही. मी उठले. म्हटलं, "गॉर्डन, तीन शिट्ट्या ऐकून आपण ज्या दिवशी तोंड फिरवू, त्या दिवशी तो फळा उतरव आणि शेगडीत घाल." "मग करायचं काय म्हणतेस?" "जायचं. आवाज कुठून येतो तिथपर्यंत." "आणि कोण जाणार?" माझ्याच भावाच्या नियमाने मला एकटीला जाता येत नव्हतं. मागून लॉर्ना कोटाची बटणं लावत म्हणाली, "मी येते. पण या खेपेला पुढे तू बस."

तो फाटा तू लहानपणी पाहिलायस. पाण्यात उभी असलेली ती मेलेली झाडं. धुक्यात एकेक झाड समोर येत होतं आणि माणूस उभा असल्यासारखं बाजूने मागे जात होतं. शिट्टी आधी समोरून आली, मग उजवीकडून, मग अगदी मागून. लॉर्ना देवाचं नाव घेत वल्हवत होती आणि मधेच मला शिव्या देत होती. नेच्याच्या घळीपाशी आम्ही उतरलो. मी एक लांब शिट्टी दिली. वरून, दाट नेच्यांतून, हाकेच्या अंतरावरून उत्तर आलं. मग खोकला. मी मोठ्याने म्हटलं, "डेन्झिल?" तो आवाज माझा मलाच ओळखू येईना. वर कोणीतरी पालापाचोळा उकरत होतं. आम्ही एकमेकींचा हात धरून चढलो आणि मी नेचे बाजूला केले.

लायरबर्ड होता, ऐकलेला कुठलाही आवाज हुबेहूब काढणारा तो पक्षी. आपल्या मातीच्या ढिगावर उभा, पिसारा डोक्यावरून पुढे घेऊन थरथरवत. त्याने कुकाबरा पाखराचं हसणं काढलं, मग काकाकुव्याची किंचाळी, आणि मग त्याच गळ्यातून पितळी शिट्टी. दोन आखूड, तिसरी चिरकलेली. आणि खोकला. लॉर्नाला इतकं हसू आलं की तिला झाड धरावं लागलं. "अगं बाई, पाखरू! एका पाखराने अख्ख्या क्लबाला घाम फोडला!" आणि हसता हसता ती मधेच थांबली. माझ्याकडे बघायला लागली. मलाही तेच सुचलं होतं. हे पाखरू आपली घळ सोडून जात नाही. क्लबपाशी वाजलेली शिट्टी इथवर येत नाही. आणि एकदा ऐकून त्याच्या गळ्यात काही बसत नाही. तेच ते, तेच ते, कोणीतरी त्याला ऐकवावं लागतं. तोवर मला जी वाटत होती ती भीती नव्हतीच, पोरी. भीती मला त्या क्षणी वाटली.

आम्ही पुढे गेलो नाही, पोलिसांना कळवलं. दुसऱ्या दिवशी घळीच्या वरच्या अंगाला, पुढे आलेल्या एका कातळाखाली, त्यांना तुझा बाबा सापडला. कागदपत्रं पुरी झाली की पुढल्या सोमवारी तुला पोलिसांचा फोन येईल. त्याआधी हे माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. पाय मोडला होता. त्याने वल्हं लावून दोरीने घट्ट बांधला होता आणि वाऱ्यापासून आडोशाला सरपटत गेला होता. होडी वाऱ्याने भिंतीकडे नेली आणि आम्ही सगळे होडीच्या मागे गेलो. तो किती जगला, मी डॉक्टरांना विचारलं. नक्की सांगता येत नाही म्हणाले, पण एकच दिवस नसावा. हे तुझ्यापासून लपवणार नाही. मला जाळतंय तसं तुलाही जाळेल. पण हेही ऐक. त्याने कोरड्या कपड्यांची पिशवी उघडली होती. ओले कपडे दगडावर पसरून ठेवले होते. बिस्किटं संपवून कागद घडी करून खिशात घातला होता. अंगात कोरडा स्वेटर होता, आणि पायांत कोरडे मोजे, दोन्ही पायांत. मोडक्या पायात कसा चढवला असेल देव जाणे. ज्याला मरायचं असतं तो कोरडे मोजे घालत नाही, टॅमझिन. त्या सकाळी तो एकटा का गेला, मला माहीत नाही. कदाचित कुणावर ओझं न टाकता थोडं रडून यायचं असेल. पण त्याला परत यायचं होतं. तुझ्या बोलण्याने तो गेलेला नाही, आणि आता माझ्या या नाहीला आधार आहे. ये. मेलबर्नच्या विमानतळावर मी आणि लॉर्ना गाडी घेऊन उभ्या राहू. तू आल्याशिवाय त्याला मातीत ठेवणार नाही.

तुझीच,
वेनाआत्या