गार्डाने पाहिलेले पोर्तू

पोर्तू, २१ जून

चि. सौ. लिदिया हीस,
तुझ्या आईचे अ. आ., वि. वि.

येथेच राहणारी माझी भोचक भाची ओदेत तुला उलटसुलट कळवील, म्हणून वस्तुस्थिती क्रमाने मांडते. सोमवारी सकाळी आम्ही दोघांनी आवैरूचे घर कुलूपबंद केले. दहाच्या गाडीने येथे आलो. स्टेशनासमोरच्या लॉजमध्ये नऊ जुलैपर्यंत खोली घेतली. तुला विचारले नाही, कारण तू नकार दिला असतास आणि मग मला तो मोडावा लागला असता.

तुझे बाबा चौतीस वर्षे रेल्वेत गार्ड होते. हजारो वेळा गाडी घेऊन या शहरात आले, आणि दर वेळी फलाटावर पंचवीस मिनिटे उभे राहून झेंडी दाखवत परत गेले. त्यांचे विस्मरण वाढत जाणार, असे डॉक्टरांचे मत आहे. तेव्हा शहर पाहायचे ते आताच. तू ठरवलेल्या वृद्धाश्रमाच्या खिडकीतून ते दिसणार नाही.

रोज सकाळी एकच चढ चढतो. मध्ये बाकावर बसतो, वर पोचल्यावर नदी पाहतो, उतरल्यावर भाजलेले सार्डीन आणि बटाटे खातो. बाबा प्रत्येक चढाला दहापैकी गुण देतात. कालच्या चढाला त्यांनी तीन दिले. लॅटिन शिकवताना मीसुद्धा इतकी कंजूष नव्हते. घंटेच्या मनोऱ्यावर चला म्हटले, तर म्हणाले की वरून बघायला मी काय कबूतर आहे का.

रेतोरावांना यथायोग्य. लोभ आहे तेवढा असू दे, सल्ले कमी कर.

तुझी आई,
देओलिंदा


जिनिव्हा, २७ जून

ती. आईस, लिदियाचा सा. न.

पत्र मिळालं. पाठोपाठ ओदेतचा फोनही आला. बाबांनी भर रस्त्यात एका पोलिसाच्या डोक्यात पातीच्या कांद्याची जुडी हाणली आणि तू बाजूला उभी राहून हसत होतीस म्हणे. शिवाय काल तुम्ही दोघं नदीवरच्या गल्ल्यांत दोन तास हरवला होतात. तू रस्ता चुकणं शक्यच नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. म्हणजे बाबाच कुठेतरी निघून गेले आणि तू ते झाकते आहेस.

आई, मी वैरीण नाही. इतक्या लांब असताना फोन वाजला की आधी वाईटच मनात येतं. वृद्धाश्रमातली जागा पंधरा जुलैपासून आहे, त्यांना दहापर्यंत होकार हवाय. मी तो देणार आहे. रेतो म्हणतो, तुझ्या आईशी वाद घालण्यापेक्षा आल्प्स हलवणं सोपं. पण या वेळी मी हटणार नाही.

बाबांना सांभाळ, स्वतःलाही. राग आला तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
लिदिया


पोर्तू, २ जुलै

चि. सौ. लिदिया हीस, अ. आ.

पोलिसाविषयी. त्या दिवशी तेवीस जून होता, संत जॉनच्या सणाची दुपार. या शहरात त्या दिवशी जो तो दुसऱ्याच्या डोक्यात पातीचा कांदा नाहीतर प्लास्टिकचा हातोडा घालतो, आणि ते शुभ मानतात. त्या पोलिसाने स्वतः टोपी काढून मान पुढे केली आणि आजोबा, जरा जोरात हाणा, बढती अडलीय माझी, असे सांगितले. चौदा वर्षे जिनिव्हात राहून तुला हा सण आठवत नसेल, तर विस्मरणाची तपासणी कोणाची करायची ते ठरव.

हरवण्याविषयी. रस्ता मी चुकले. हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच लिहीत आहे, तेव्हा नीट वाच. माझा नकाशा जुना होता, त्यातल्या पायऱ्या आता बंद आहेत, आणि कोणाला विचारणे मला कमीपणाचे वाटले. त्याच गल्लीत तिसऱ्यांदा आलो तेव्हा बाबा थांबले. घड्याळ पाहून त्यांनी मला दटावले की बाई, सव्वाचारची गाडी सुटायचीय आणि तुम्ही इथे काय करताय. मग माझे कोपर धरून, शिट्टीच्या दिशेने, एकाही वळणावर न अडखळता त्यांनी मला स्टेशनात आणले.

ते स्वतःला नोकरीवर समजत होते. हेही लिहिते, सोयीचे तेवढे सांगणे मला जमत नाही. फलाटावर त्यांनी हात वर केला. गाडी सुटली. शेवटचा डबा बोगद्यात शिरेपर्यंत ते पाहत राहिले, मग आपण मागे राहिलो म्हणून पोरासारखे खूश झाले. चौतीस वर्षांत असे कधी घडले नव्हते. म्हणाले, देओलिंदा, आता घाई कसली, उद्या कुठला चढ?

पुढे कधीतरी माझ्याने झेपणार नाही, हे मला कळते. तो दिवस मी ओळखीन आणि तुला स्वतः कळवीन. तो दिवस पंधरा जुलै नव्हे.

वृद्धाश्रमाला नकार कळव. तुझी भीती खरी आहे, पण तिच्यापायी आमचे दिवस मी देणार नाही. तुझ्यावरची माया तसूभरही कमी झालेली नाही. मत मात्र बदलणार नाही. नऊ तारखेपर्यंत आम्ही येथेच आहोत. फोन मी घेणार नाही. नकार कळवलास की नाही, ते लेखी, तुझ्या सहीनिशी, या पत्त्यावर पाठव.

तुझी आई,
देओलिंदा