आईचा चढाईपटू

कसाल, १२ डिसेंबर १९८४

सकाळी मामा म्हणाला, "आवशीक जावन महिनो झालो नाय, आणि तू कबड्डी बघूक जातस?"

आई जाऊन महिना व्हायचाय, तरी मी गेलेच.

आई तरुणपणीच विधवा झाली. सांगलीकडचा एक चढाईपटू दर वर्षी इथल्या स्पर्धेला यायचा. ती पहिल्या बाकावर बसून, भर गर्दीत त्याच्या नावाने ओरडायची. लोक हसायचे. मी मागे, बायकांत लपून बसायचे. त्याचीच आता लाज वाटते. एकदा विचारलं, तर म्हणाली, "सात जणांत एकटोच शिरता गो तो. पडता, उठता, परत जाता." ती खेळाबद्दलच बोलत होती का?

आज पहिल्या बाकावर मी बसले. तो आता चाळिशीचा, गुडघ्याला पट्टी. पहिल्याच चढाईत पकडला गेला. मागून कुणी तरी ओरडलं, "म्हाताऱ्या, घराक जा!" मग मी उभी राहिले आणि त्याच्या नावाने अशी ओरडले की सगळं मैदान वळून बघायला लागलं. बघू दे! पुन्हा आत आला तेव्हा त्याने दोघांना बाद केलं. संघ हरला तो हरलाच.

घरी मामा दारातच उभा. "शोभता तुका ह्या?"

"आवशीक शोभला, माका पण शोभता. पुढच्या वर्षी पण जातलंय."

तो दारातून बाजूला झाला.

घसा पार बसलाय. उद्या वर्गात मुली विचारतील, बाई, काय झालं? खरं तेच सांगेन.