तपासणी न झालेला माल

चिंचवड, रविवार

प्रिय विजू,

देहूरोड स्टेशनच्या बाकावर बसून आपण दोघी मोज्यांना रबरबँड लावत होतो, शाळेतल्या सिस्टरना घसरलेले मोजे दिसू नयेत म्हणून. ती सकाळ आज उगाच आठवली. तुझा गुडघा कसा आहे? भावजींना नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. आजारी आहे तो कॉम्प्युटर.

तुझ्या प्राजक्ताने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं तेव्हाच बजावलं होतं, "मावशी, काही हवं असलं तर इथल्या अधिकृत भांडारातूनच घ्यायचं. तपासून, शिक्का मारून ठेवलेला माल असतो. बाहेरून काही आणायचं नाही." आमचे दौलतराव मान डोलावत होते. (एकतीस वर्षं चाकणच्या कारखान्यात स्टोअरकीपर. तपासणीचं हिरवं लेबल नाही म्हणून बोल्टचा अख्खा ट्रक गेटवरून परत पाठवलेला माणूस.)

माझ्याकडे आईच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग आहे, चौदा मिनिटांचं. ती लोणच्याचं प्रमाण सांगतेय आणि मागे कुकर शिट्ट्या मारतोय. त्या शिट्ट्या काढायला प्रोग्राम हवा होता. शेजारच्या मारुतरावांनी (मधुमेहापासून वास्तुदोषापर्यंत सगळ्यावर यांचे मेसेज असतात) व्हॉट्सॲपवर कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमाची एक ओळ पाठवली: हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत चिकटवा, पासवर्ड द्या, झालं. आमच्या यांनी चिकटवली. ना लेबल, ना चलन, ना माल कुणाचा याची चौकशी. तेव्हापासून मशीनचा पंखा कंप्रेसरसारखा घरघरतोय, पडद्यावर परदेशी जुगाराच्या जाहिराती नाचताहेत आणि आईची फाइल उघडतच नाही.

प्राजक्ता फोनवर म्हणाली, "नेट काढा, मशीन बंद करा. सगळं पुसून नव्याने घालावं लागेल. आणि मावशी, तो प्रोग्राम भांडारात पहिल्या दिवसापासून आहे. फुकट."

दौलतराव म्हणाले, "अगं, पण मारुतराव आपल्यातलेच आहेत." (बोल्टवाला तर यांचा सख्खा मावसभाऊ होता.)

तुझी,
कुसुम

ता. क. खरं काम असं, की गेल्या दिवाळीत फराळाच्या डब्यात तुला एक पेन ड्राइव्ह ठेवला होता. आईची चौदा मिनिटं आता असली तर त्यातच. घर उलथंपालथं कर, पण शोध.

आणखी एक. फोनवर बोलता येत नाही, हे शेजारीच बसलेले असतात. कॉम्प्युटरचा पासवर्ड यांना ठाऊकच नाही, विजू. ती ओळ मी चिकटवली. हे भाजी आणायला गेले होते. प्राजक्ताने "कुणी केलं?" विचारलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत हे "मी" म्हणाले.

पेन ड्राइव्ह सापडला की प्राजक्ताच्याच हाती दे. सोबतच्या लाडवांचा मोठा डबा तिचा, लहान तुझा. पहिलं पान भावजींना वाचायला दे, हे दुसरं वाचून फाड. यांच्या वाटणीचे लाडू मी इथे काढून ठेवलेत, दुप्पट.